चापडगावचा वटवट्या: ब्लिथ्स रीड की पॅडीफिल्ड?

गोदाकाठ: नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूला पाणकणसात तपकिरी वटवट्या (वॉर्बलर, छोटा पक्षी) दिसला. फोटो धूसरच, पण भुवई (डोळ्यावरची पट्टी) डोळ्याच्या मागेपर्यंत ठसठशीत. ब्लिथ्स रीड आणि पॅडीफिल्ड या दोन जातींपैकी कोणता म्हणायचा?

द्राक्षवाला: भुवईच्या वर गडद रेघ आहे का? चोच आखूड, टोकाला काळपट? मग पॅडीफिल्ड. ब्लिथ्सची चोच लांब, भुवई फिकी, डोळ्यापुढेच काय ती दिसते. आणि ब्लिथ्सची स्वारी पाणकणसात कमी, बाभळी-बोरीत जास्त. आमच्या बागेच्या कुंपणात हिवाळाभर ‘चक् चक्’ करून डोकं उठवते.

गोदाकाठ: रेघ आहे! शेपटीही लांब वाटली, सारखी वर उडवत होता.

पाणकावळा: रंगावर जाऊ नका हो, सकाळच्या उन्हात सगळेच तांबूस दिसतात. आवाज रेकॉर्ड केलाय का?