शब्दचर्चा : माशाची जाती की प्रजाती?

विचारणा (भुसावळ)
मुलीसाठी ‘गोल्डन वंडर’ माशांची जोडी आणली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, ही किलीफिशची प्रजाती आहे.’ मुलीच्या पुस्तकात क्रम आहे गण, कुल, प्रजाती, जाती. मग किलीफिश यातलं नेमकं काय? आणि डासांसाठी हौदात सोडतात तो गप्पी याचा कोण?

उत्तर (चोपडा)
ताई, यातलं एकही नाही. सायप्रिनोडॉन्टिफॉर्मीस या गणातल्या अंडी घालणाऱ्या लहान माशांना सरसकट किलीफिश म्हणतात. त्यात कितीतरी कुलं येतात. गप्पीचा गण हाच, पण तो पिल्लं देतो आणि त्याचं कुल वेगळं, पिसिलिइडी. ‘किली’चा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे ओढा.

तुमच्या माशाचं कुल अ‍ॅप्लोकायलिडी. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतले बरेच मासे पूर्वी याच कुलात धरत. आता त्यांची कुलं वेगळी केली आहेत आणि इथे दोनच प्रजाती उरल्या : भारतापासून आग्नेय आशियापर्यंतची अ‍ॅप्लोकायलस, आणि मादागास्कर-सेशेल्सकडची पॅकिपँचॅक्स. तुमचा मासा अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचं नाव.

हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे आपली जाती, आणि आपल्या प्रजातीला ते ‘वंश’ म्हणतात. त्यांचा ‘प्रजाति’ बातम्यांतून जसाच्या तसा मराठीत आला. पण लिनिएटसलाच प्रजाती म्हटलं, तर अ‍ॅप्लोकायलसला काय म्हणायचं? ‘दोन प्रजातींचं कुल’ या साध्या वाक्याचाही अर्थ बिघडतो. म्हणून मी ‘जाती’वर अडून बसतो.

शिरपूरहून
भाऊ, पटलं. पण ‘जाती’ लिहिताना हात अडखळतो, समाजातली जात डोळ्यांपुढे येते. शिवाय आमच्याकडे केळीची बसराई हीसुद्धा ‘जात’च.

चोपडा
अडखळणं समजतं, पण पुस्तकातला शब्द त्यापायी सोडू नये. बसराईला ‘वाण’ म्हणा. गोल्डन वंडरही वाणच आहे, लिनिएटसमधला पिवळा रंग निवडून जोपासलेला.

बोलीतली नावं मात्र डोळ्यांनी पाहून पडतात. याच प्रजातीतल्या पँचॅक्सच्या डोक्यावर चमकता ठिपका असतो, म्हणून बंगालीत तो ‘तेचोखा’, तीन डोळ्यांचा. अहिराणीत डोळ्याचा डोया होतो. आपण त्याला ‘तीन डोयाना मासा’ म्हणू.

भुसावळ
आमची जोडी सारखी वरच असते. पाठ सपाट, तोंड वर वळलेलं. मुंगी टाकली की पाणी न हलवता उचलतात. मुलीने काचेवर चिठ्ठी चिकटवली आहे : कुल अ‍ॅप्लोकायलिडी, प्रजाती अ‍ॅप्लोकायलस, जाती अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस, वाण गोल्डन वंडर. ‘कुल’चं तिने आधी ‘कुळ’ केलं होतं. तिच्या आजोबांनी ते बदलायला लावलं. त्यांच्या लेखी कुळ म्हणजे जमीन कसणारा.