मोपा (गोव्याचा नवा विमानतळ) ते जळगाव विमानाने खरंच किती वेळ लागतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मामेबहिणीचं लग्न आहे जळगावला आणि आईला घेऊन जायचंय. दरवेळी गोवा एक्सप्रेसने जातो, पण ती वास्कोहून निघून लोंढा, पुणे, मनमाड करत जाते, अख्खी रात्र नि वर दुसऱ्या दिवशीची दुपार होते, आईच्या गुडघ्यांना आता ते झेपत नाही.

आता प्रश्न असा की नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर मोपा ते जळगाव साधारण ६०० किमी येतं. फ्लाय ९१ या विमान कंपनीचं विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं, ते ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, मग हिशोबाने सव्वा तास व्हायला हवा ना? पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पोचून थांबेपर्यंतची असते म्हणे, रनवेवर जाणं, वर चढणं, उतरणं सगळं त्यात धरून. तर प्रत्यक्षात दीड की पावणेदोन? जे गेलेत त्यांनीच सांगा, गूगलचं उत्तर नको 😀

आणि पावसाळी हवेत छोटं विमान फार हलतं का? आईला गाडीत पण मळमळतं.

आम्ही मडगावचे, दाबोळी विमानतळ जवळ पडला असता पण हे विमान मोपाहून, म्हणजे आधी तासदीड तास रस्त्यावरच. टॅक्सीचे दर ऐकूनच घाम फुटतो, कदंबाची बस पहाटेच्या वेळी मिळते का? तिकडे जळगाव विमानतळावरून गावात जायला रिक्षा मिळतात की मामालाच गाडी घेऊन बोलवू?