शेतीच्या आधीच रोटी
बरेचदा म्हटलं जातं की आधी शेतीचा शोध लागला, मग माणूस एका जागी राहायला लागला आणि त्यातून गावं, शहरं उभी राहिली. शेवटचा भाग पटतो पण सुरुवातीचा क्रम मला उलटा वाटतो, निदान पश्चिम आशियापुरता तरी. तिथले नातुफियन लोक, म्हणजे शेती सुरू होण्याआधी तिथे राहणारा अश्मयुगीन समाज, शिकार करून, रानातलं धान्य गोळा करूनच जगत होते तरी त्यांच्यातले बरेच जण दगडी पायाची गोल घरं बांधून वर्षातला बराच काळ एकाच ठिकाणी राहायचे. आणि मला सगळ्यात भारी वाटते ती जॉर्डनमधली शुबायका १ ही नातुफियन लोकांची उत्खननात सापडलेली वस्ती, तिथल्या चुलीच्या राखेत चपट्या रोटीचे जळालेले तुकडे सापडले, साधारण १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्या जवळपास ४,००० वर्षं आधीचे! त्यात रानटी गहू होता आणि पाणवनस्पतीचे कंदही, ते सगळं वेचायचं, सोलायचं, दळायचं, मळायचं, केवढी मेहनत.

शेतीसुद्धा एका पिढीत लागलेला शोध नाहीच. रानटी गव्हाची कणसं पिकली की दाणे आपोआप गळून पडतात, त्यामुळे कापणीसाठी दाणे न गळणारी जात सोयीची, पण ती शेतात सगळीकडे दिसायला हजारेक वर्षं तरी गेली, कदाचित जास्तच.