शेजाऱ्यांवर संशोधन कशाला, गॅस बंद करा की! (एका पोस्टला उत्तर)

रेवती_क

परवा एका ग्रुपवर पोस्ट आली. मुद्दा असा की नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका सगळे आपल्या जिवावर जगतात आणि वर कृतघ्न, चीनने फूस दिली की उड्या मारतात, त्यांच्यावर पीएचड्या करणाऱ्यांना सरकारने पोसू नये, एकदा गॅस-पेट्रोल तोडलं की येतील ठिकाणावर. खाली दीडशे अंगठे. मी उत्तर टाईप करेपर्यंत अ‍ॅडमिनने ग्रुपला कुलूप लावलं, म्हणून इथे लिहितेय.

अहो, गॅस तोडून झालाय. २०१५ ला मी काठमांडूत होते, नवऱ्याची नोकरी तिथे होती. एप्रिलमध्ये भूकंप, २० सप्टेंबरला त्यांचं संविधान जाहीर झालं आणि त्या आठवड्यातच बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलवरून येणारा माल आटला, तो थेट फेब्रुवारीपर्यंत. चौकात रिकामे सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून रांगेत उभे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव, माणसं घरी आणि सिलिंडर रांगेत. नंतर मिळायला लागला तो पण अर्धाच भरलेला. आमची घरमालकीण गच्चीत विटांची चूल मांडून भूकंपात मोडलेल्या पलंगाच्या फळ्या जाळायची. आम्हाला एका शब्दाने वाकडं बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुमच्याकडे पण संपला? तुमचाच ना तो गॅस?"

आणि 'चीनची फूस' म्हणे. मे २०१५ मध्ये आपण आणि चीनने लिपुलेखमधून, म्हणजे नेपाळ आपली म्हणतो त्या खिंडीतून, व्यापार वाढवायचं ठरवलं तेव्हा नेपाळने दोघांचाही निषेध केला होता. हे आपल्याला माहीत नसतं कारण आपले तज्ज्ञ दिल्लीत बसून एकमेकांचे लेख वाचतात. नेपाळी देवनागरीत लिहितात हो, लिपीसुद्धा शिकावी लागत नाही. त्यांचा पेपर उघडला तर आपल्याला निम्मा तसाच समजतो, तो तरी कोण उघडतं?

भुईकोट

ताई, भावना पोचल्या, पण 'गॅस तोडला' कुणी? भारत सरकारने कधीही नाकेबंदी जाहीर केलेली नाही. रक्सौलच्या सीमेवरच्या मितेरी पुलावर मधेशी बसले होते, नेपाळच्या सपाट तराई भागातले लोक, त्यांच्याच देशाचे नागरिक, संविधानात त्यांच्या तोंडाला पानं पुसली म्हणून. ५० च्या वर माणसं मेली त्या आंदोलनात. त्यांच्यासाठी कुणाच्या घरमालकिणीच्या डोळ्यात पाणी आलं नाही, कारण ती पहाडी, म्हणजे डोंगराकडची असणार. दगडफेक चालू असताना ड्रायव्हर गाड्या घालतील का पुढे? आणि दबाव चालत नाही हे कुणी सांगितलं? १९८९ ला दोन सोडून बाकीचे नाके बंद केले आणि १९९० ला राजाची पक्षविरहित पंचायत राजवट आडवी झाली, बहुपक्षीय लोकशाही आली. हे पण संशोधनच आहे, फक्त तुमच्या सोयीचं नाही.

जुना_ट्रकवाला

ड्रायव्हरांचा विषय निघालाय म्हणून बोलतो. माझ्या २ गाड्या रक्सौलला ४१ दिवस उभ्या होत्या, चाकणहून भरलेला सुट्या भागांचा माल. पुलावर लोक बसले होते हे शंभर टक्के खरं, आमच्या बीडच्या ड्रायव्हरने फोटो पाठवले होते, खालीच बांबूचा मांडव टाकून जेवणावळी चालू. मग मी म्हटलं दुसऱ्या नाक्याने काढू, तिकडे कोणी बसलेलं नाही. गेली गाडी तिकडे. तिथे रस्ता मोकळा पण कागद पुढे सरकत नव्हता, दिवसाला चार-दोन गाड्या सोडायचे आणि विचारलं की वर बोट दाखवायचे. आता ह्याला नाकेबंदी म्हणायचं का काय म्हणायचं तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. मला फक्त एवढं माहितीय की हॉल्टिंगचे पैसे पार्टीने आजतागायत दिलेले नाहीत.

भुईकोट

एका नाक्यावरचा एक आळशी बाबू म्हणजे परराष्ट्र धोरण नव्हे.

जुना_ट्रकवाला

आळशी बाबू मला चांगला माहितीय भाऊ, ३० वर्षं त्यांच्यातच गेली. आळशी बाबूला २०० दिले की तो कामाला लागतो. हे घेत नव्हते. तेव्हाच मला डाऊट आला.

अर्धवट_पीएचडी

वरच्या प्रतिसादाला दंडवत, माझ्या सहा वर्षांच्या कामात एवढं चांगलं निरीक्षण नाही.

माझा विषय हाच होता, भारत-नेपाळमधला १९५० चा मैत्री करार. गाईड म्हणाले चायना अँगल टाका, नाहीतर कोण छापणार. बुझानचं रिजनल सिक्युरिटी कॉम्प्लेक्स (शेजारी देशांची सुरक्षा एकमेकांत गुंतलेली असते हा सिद्धांत) पहिल्या प्रकरणात कोंबा, मग चायना, मग शिफारसी, संपलं. काठमांडूला जायला पैसे मागितले तर मिळाले नाहीत, वर्षभर फेलोशिप थकली, गाईडच्या मुलीच्या लग्नात मात्र खुर्च्या मांडायला होतो. असो. करारावर आपल्याकडून सही राजदूताची आणि त्यांच्याकडून खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणांची, हे एवढंसं तिथल्या शाळकरी पोरालाही टोचतं. सोबतची पत्रं १९५९ पर्यंत लोकांपुढे आलीच नव्हती. आपल्याकडे ह्यावर परिसंवादात एक वाक्य असतं, 'रोटी-बेटीचे संबंध', आणि मग चहा.

बाकी सगळं सोडा, दोन्ही देशांनी मिळून नेमलेल्या प्रबुद्ध व्यक्ती गटाने २०१८ मध्ये अहवाल तयार केला, त्यात ह्या कराराचं काय करायचं तेही आहे. आपल्या पंतप्रधानांनी अजून तो स्वीकारलेला नाही. आपल्या बाजूचे प्रमुख कोण होते माहितीय? भगतसिंह कोश्यारी! नंतर साडेतीन वर्षं राज्यपाल म्हणून मलबार हिलवर आपल्याच राज्यात होते, पण त्यांना ह्याबद्दल कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

भुईकोट

आला मुद्द्यावर. नेपाळवरून सुरुवात करायची आणि कोश्यारींवर यायचं, तेवढंच राहिलं होतं. उद्या नरवणे साहेबांवर पण घसराल.

रेवती_क

घसरतेच, तुम्हीच नाव काढलंत म्हणून. मे २०२० ला लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन झालं, नेपाळने आक्षेप घेतला, तर तेव्हाचे लष्करप्रमुख नरवणे म्हणाले की हे कुणाच्या तरी सांगण्यावरून चाललेलं असू शकतं. कुठे म्हणाले? आपल्या सगळ्यात मोठ्या संरक्षण अभ्यास संस्थेच्या वेबिनारमध्ये, पर्रीकरांचं नाव दिलेली तीच. समोर सगळे अभ्यासक. महिन्याभरात नेपाळने लिपुलेख आपल्यात दाखवणारा नकाशा संविधानात घातला आणि त्यांच्या संसदेत विरोधात एक मत पडलं नाही. आपल्या लष्करप्रमुखांना नेपाळी सैन्याचे मानद जनरल करतात आणि ह्यांच्या हाताखाली नेपाळी गोरखे लढतात, तिथे असं वाक्य किती लागत असेल?

भुईकोट

पुण्याच्या माणसाने देशासाठी चार शब्द बोलले तर पुण्याच्याच लोकांना पोटशूळ. चालू द्या.

रेवती_क

मी साताऱ्याची आहे.

समुद्रकाठ

तुमचं डोंगराचं भांडण वाचलं. आमच्या पालघर-डहाणूची पोरं ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि सर क्रीकच्या बाजूला, पाकिस्तानच्या सागरी हद्दीजवळ, त्यांच्याकडून पकडली जातात. १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या बदलतात, तो काय तो अभ्यास. माझा मावसभाऊ ३ वर्षांनी आला, शिक्षा कधीच संपलेली. घरात बसला की अजून दाराकडे पाठ करत नाही. सिद्धांत वगैरे ठीक आहे, पण त्या तीन वर्षांत त्याच्या बायकोने काय खाल्लं ह्यावर कुणी पेपर लिहिलेला असेल तर द्या, आम्ही वाचू.

अर्धवट_पीएचडी

ह्यावर बोलायला माझ्याकडे काही नाही. व्यनि करतो.

भुईकोट

समुद्रकाठ, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पाकिस्तान वेगळं प्रकरण आहे, तिथे मी म्हणतो तेच करायला पाहिजे.

आता नेपाळचं संपवतो. बरं, म्हणा नाकेबंदी, ट्रकवाल्यांच्या २०० रुपयांवर मी हरलो, खूश? पण मग तुमच्या संशोधनाने हेही लिहावं की त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ओली मार्च २०१६ ला बीजिंगला जाऊन ट्रान्झिटचा (चीनमार्गे माल नेण्याचा) करार करून आले, २०१७ ला त्याच रागावर निवडणूक जिंकले, आणि तेल आजही कुठून जातं? मोतीहारीहून. ६९ किलोमीटरची पाइपलाइन आपणच टाकून दिली २०१९ ला. आणि १९५० चा करार एवढा टोचतो तर दहाव्या कलमात एक वर्षाची नोटीस द्यायची सोय आहे, देत का नाहीत? कारण मग इथे बिनापासपोर्ट नोकऱ्या करता येणार नाहीत. हे वाक्य तुमच्या एकाही विद्वानाला लिहिता येत नाही.

रेवती_क

नोटिशीचं खरं आहे. तिथेही ते उघड कुणी बोलत नाही, घरमालकिणीचा मोठा मुलगा गुडगावलाच होता. पण पाइपलाइन 'आपण दिली' हे तुम्ही जसं म्हणता ना, तसंच ऐकून त्यांची सटकते.

भुईकोट

मग काय, 'कृपया स्वीकारावी' म्हणायचं?

जुना_ट्रकवाला

पाइपलाइन झाली आणि आमच्या ओळखीतल्या टँकरवाल्यांचा त्या रूटचा धंदा बसला, ते पण कुठेतरी लिहा. आणि अर्धवट साहेब, तुम्ही काठमांडूला जायचं म्हणत होता ना, गाडी अधूनमधून जाते बीरगंजपर्यंत. केबिनमध्ये जागा आहे, जेवण ड्रायव्हरबरोबर. सही कुणाचीच लागत नाही.