झेब्रा फिंचच्या दोन जोड्या एकाच पिंजऱ्यात, अंडी घातल्यापासून मारामारी

गॅलरीतला_थवा:
नमस्कार. अडीच फूट लांबीच्या पिंजऱ्यात माझ्याकडे झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आहेत, एक राखाडी आणि एक पांढरी. राखाडी जोडीने वरच्या मटकीत (घरट्यासाठी टांगलेल्या छोट्या मडक्यात) चार अंडी घातली, त्याला आता आठवडा झाला. तेव्हापासून राखाडी नर पांढऱ्या जोडीला दांडीवर टेकू देत नाही आणि पांढऱ्या मादीच्या मानेवरची पिसे उपटली गेली आहेत. खालची मटकी रिकामी असूनही भांडण वरच्या मटकीसाठीच होते. अंड्यांची मटकी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवली तर चालेल का?

माडीवरचा_पिंजरा:
अंड्यांची मटकी कृपया हलवू नका, कारण जागा बदलली की ही जोडी बहुधा अंड्यांवर बसणेच सोडते. हलवायची ती पांढरी जोडी, आणि तीही आजच. ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर हे पक्षी थव्याने राहतात व घरट्याभोवतीची थोडीशीच जागा राखतात. पण तुमच्या पिंजऱ्यात ती थोडीशी जागा म्हणजे अख्खा पिंजराच झाला, त्यामुळे हरलेल्या पक्ष्याला पळायला कोपरा उरत नाही. माझ्या मते दोन जोड्या ही सर्वांत वाईट संख्या आहे, कारण एका नराचा सगळा राग एकाच नरावर निघतो. अंडी उबवायला लागल्यापासून बारा ते चौदा दिवसांत फुटतील, पिल्ले सुमारे तीन आठवड्यांनी मटकीबाहेर येतील आणि पुढे दोनेक आठवडे आईबाप त्यांना भरवतील. म्हणजे आजपासून साधारण सहा आठवडे पिंजरे वेगळेच ठेवावे लागतील. नंतर एकत्र करायचेच असेल, तर मटक्या काढून टाका, दांड्यांच्या जागा बदला आणि चौघांना एकाच वेळी आत सोडा. मटक्या असल्या की सर्वांना सर्वांत उंच हवी असते, म्हणून पुन्हा अंडी घ्यायची असल्यास मोठा पिंजरा आणि एकाच उंचीवर चार मटक्या, याहून कमीत भागत नाही.

राळे_आणि_काथ्या:
वरील सल्ला योग्यच आहे, पण पिसे राखाडी नरानेच उपटली हे आपण स्वतः पाहिले का? अनेकदा स्वतःचा जोडीदारही, विशेषतः घरट्यासाठी काथ्या किंवा गवत कमी पडले की, पिसे ओढतो. शिवाय पांढरी जोडी नर-मादीचीच आहे ना, तेही पाहा. राखाडी नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो, तो पांढऱ्या पक्ष्यात दिसत नाही. तिथे चोचीवरूनच ओळखावे लागते. नराची चोच गडद लाल, मादीची फिकट नारिंगी. गाणे मात्र फक्त नरच गातो.

गॅलरीतला_थवा:
पांढरी जोडी काल वेगळी केली आणि आज सकाळी त्यातली "मादी" चक्क गाऊ लागली. दोघांच्याही चोची सारख्याच लाल आहेत. विक्रेत्याने जोडी म्हणून दोन नर दिले होते, तर!

माडीवरचा_पिंजरा:
मग एका मटकीवर तीन नरांचा डोळा होता. त्या दोघांना मटकी न देता ठेवा, बहुतेक शांत राहतील. पिसे तीन-चार आठवड्यांत परत येतात. तोवर रोज उकडलेल्या अंड्याचा चुरा द्या आणि समुद्रफेण (माकूळ या सागरी प्राण्याचे चुनखडीसारखे हाड) पिंजऱ्यात कायम राहू द्या.