शब्दचर्चा : १९७१च्या 'बीरांगना' मराठीत कोण?

मधुमालती
एका दिवाळी अंकासाठी बांगलादेश युद्धातल्या स्त्रियांवरचा लेख बंगालीतून मराठीत करते आहे. पाकिस्तानी फौजेनं आणि तिच्या स्थानिक साथीदारांनी ज्यांच्यावर बलात्कार केले त्या स्त्रियांना नव्या सरकारनं २२ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यातल्या शरणागतीनंतर सहाच दिवसांनी, 'बीरांगना' असं जाहीर नाव दिलं. शब्द आपलाच, वीरांगना. मी तो तसाच ठेवला होता. संपादकांनी सगळीकडे 'युद्धपीडिता' करून मजकूर परत पाठवला. त्यांचं म्हणणं असं की मराठी वाचकाला वीरांगना म्हटलं की घोड्यावरची झाशीची राणी दिसते, त्याचा घोटाळा होईल. पण 'युद्धपीडिता' केलं की या नावावरून तिकडे जो वाद झाला तोच लेखातून जातो. शिवाय युद्धपीडितांत घर जळालेले, शेत बुडालेले सगळेच आले. काय करावं? मजकूर याच आठवड्यात द्यायचा आहे.

कोराकागद
वीरांगनाच ठेवा. शुद्ध तत्सम शब्द आहे, त्याला दुसरा अर्थ चिकटला म्हणून टाकून देऊ नये. पहिल्यांदा येईल तिथे खुलासा करा, पुढे वाचक सांभाळून घेतो. 'पीडिता' तर नकोच. कायद्यानं नाव छापता येत नाही म्हणून वर्तमानपत्रांनी तो शब्द घेतला, आणि आता बाईची तेवढीच ओळख उरली आहे. 'पीडितेचा जबाब', 'पीडितेचे नातेवाईक'. वीस वर्षांनंतरही ती पीडिताच.

बेळगावकर
संपादकांची अडचण मला खरी वाटते. आणि शब्दाच्या पोटात तरी शौर्य कुठे आहे? अंगना म्हणजे सुडौल अंगाची स्त्री. आमचे शाळेतले गुरुजी 'वीराची अंगना ती वीरांगना' असा विग्रह सांगायचे. षष्ठी तत्पुरुष. म्हणजे पराक्रम नवऱ्याचा.

कोराकागद
गुरुजींचा मान राखून सांगतो, हा कर्मधारय आहे. वीर अशी अंगना. राणी लक्ष्मीबाईंना वीरांगना म्हणतो ते गंगाधररावांच्या पराक्रमासाठी नव्हे.

रानजाई
समासाचं नंतर बघू. मी काही वर्षं बांगलादेशात बायकांच्या संघटनांबरोबर काम केलं आहे. तिथे या शब्दाचं काय झालं ते इथे कुणीच लिहिलेलं नाही. बंगालीत व आणि ब एकच, त्यामुळे बीरांगना आणि बारांगना यांत फक्त पहिल्या स्वराचा फरक. वारांगना म्हणजे काय ते इथे सांगायला नको. सरकारनं सन्मानानं दिलेलं नाव गावच्या पाणवठ्यावर सहा महिन्यांत शिवी झालं. अशा बायकांचा सरकारी आकडा दोन लाखांचा होता. पुनर्वसन मंडळ निघालं, गर्भपाताची सोय झाली, मुलं दत्तक म्हणून परदेशी पाठवली गेली, 'या मुलींशी लग्न करा' असं तरुणांना आवाहन झालं. यातलं कुठलंही ठरवताना त्या बायकांना किती विचारलं गेलं? १९७५ला राष्ट्राध्यक्ष शेख मुजीब मारले गेले आणि सगळंच बारगळलं.

१९९२ साली ढाक्यात लेखिका जहानआरा इमाम यांच्या पुढाकारानं गणअदालत, म्हणजे युद्धगुन्ह्यांवरचं लोकांचं प्रतीकात्मक न्यायालय, भरली. साक्षीसाठी कुष्टियाकडच्या तीन बायकांना आणलं, त्यांचे फोटो छापून आले. शहरात त्यांचं कौतुक झालं, आणि गावी परतल्यावर त्यांच्या वाट्याला टोमणेच आले. बंगालीत त्याला 'खोंटा' म्हणतात. बाजारात नवऱ्याला खोंटा, लेकीचं लग्न ठरवताना खोंटा. घटना वीस वर्षं जुनी, घरच्यांना माहीत असलेली. ती चारचौघांत बोलली गेली याचा राग होता.

म्हणून माझं मत असं : मराठीत 'बीरांगना' असंच, बंगाली उच्चारानं लिहा. वीरांगना केलंत की आपण तिला आपल्या पोवाड्यात नेऊन बसवतो.

कोराकागद
हे पटत नाही. आपलाच शब्द बंगाली उच्चारात लिहायचा, तर मग रवींद्रनाथांना रोबींद्रनाथ लिहायचं का?

रानजाई
रवींद्रनाथांचं ते नाव आहे. हा सरकारनं दिलेला किताब आहे, आणि तोही कुणाला द्यायचा हे ठरवून दिलेला. कुडीग्रामच्या तारामन बीबी बंदूक घेऊन लढल्या. त्यांना १९७३ साली 'वीरप्रतीक' हे शौर्यपदक मिळालं, जे लढणाऱ्या पुरुषांनाही मिळत होतं. खुद्द तारामन बीबींना ते कळलं १९९५ साली, एका अभ्यासकानं त्यांना शोधून काढल्यावर. म्हणजे तुमच्या मराठी अर्थाची जी वीरांगना, ती तिकडे बीरांगना नाही. दोन वेगळ्या याद्या आहेत. भाषांतरात हा फरक राहिलाच पाहिजे.

सातारकर
इथे वाचतच होतो, पण 'किताब' शब्द वाचून राहवलं नाही. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. अपशिंगे गाव तर पहिल्या महायुद्धात ४६ जवान गेले म्हणून ओळखलं जातं. माझ्या आत्याचे यजमान १९७१ साली पश्चिम आघाडीवर कामी आले. तिला 'वीरपत्नी' म्हणायला लागले ते कारगिलनंतर. त्याआधी गावात ती 'पेन्शनवाली' होती. यजमान गेले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. १५ ऑगस्टला शाळेत बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात, शाल-श्रीफळ देतात. पण पेन्शनच्या कागदासाठी ती जिल्ह्याला एकटी हेलपाटे घालत होती तेव्हा कुणी बरोबर गेलं नाही, हे ती अजून बोलून दाखवते.

आणि नियम काय होता बघा. शौर्यपदक मिळालेल्या शहीद जवानाच्या पत्नीनं पुन्हा लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद. दिराशी केलं तर मात्र चालू. ही अट संरक्षण मंत्रालयानं काढली नोव्हेंबर २०१७मध्ये. बेळगावकरांचे गुरुजी चुकले म्हणता, पण सरकार इतकी वर्षं त्यांचाच विग्रह चालवत होतं की.

बेळगावकर
सातारकर, आत्यांना नमस्कार सांगा. फौजेत आता 'वीर नारी' म्हणतात. ते 'वीरपत्नी'पेक्षा बरं नाही का? निदान नवऱ्यावर अडत नाही.

सातारकर
आत्याला विचारलं. ती म्हणाली, मला वीरपत्नीच चालेल, ते माझे नवरे होते आणि मी त्यांची बायको होते, त्यात लाज कसली. नारी तर सगळ्याच. आता बोला.

आजोळ
हेच म्हणायला आले होते, की ज्यांच्याबद्दल शब्द आहे त्यांना विचारा. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली. तोवर गावोगाव शब्द होता 'टाकलेली'. परित्यक्ता शब्दानं बायका एकत्र आल्या, मोर्चे निघाले, रेशनकार्डाच्या, पोटगीच्या मागण्या झाल्या. पुढे काहींना तोही नको झाला. कुणीतरी त्याग केला म्हणून मी कोण ते ठरणार? मग 'एकल महिला' आला. माझी मावशी तिन्ही शब्दांतून गेली आहे. तिला सर्वांत उपयोगी पडला तो मधला, कारण त्या नावानं अर्ज करता येत होता.

कोराकागद
एकल हा शब्द मला रुक्ष वाटतो. पण मुद्दा समजला.

रानजाई
अर्जाचं आजोळताई अगदी बरोबर बोलल्या. बांगलादेशात २०१५ पासून बीरांगनांना 'मुक्तियोद्धा', म्हणजे मुक्तियुद्धात लढलेल्या, म्हणून मान्यता मिळायला लागली. म्हणजे मासिक भत्ता आणि लढणाऱ्यांना मिळणारे इतर हक्क. त्यासाठी अर्ज करायचा, उपजिल्ह्याच्या समितीपुढे छाननी व्हायची आणि मग नाव गॅझेटमध्ये छापून यायचं. ज्यांनी चाळीस वर्षं सुनेला कळू दिलं नाही त्यांना हक्कासाठी गॅझेट. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी स्वतःहून पुढे येऊन बोलल्या, ठामपणे बोलल्या. २०१८ला वारल्या तेव्हा त्या मान्यताप्राप्त मुक्तियोद्धा होत्या. त्यांच्यासारखं बोलणं सगळ्यांना परवडत नाही, आणि न बोलणारीचा हक्क कमी होत नाही. कोसोवोत युद्धात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना २०१८ पासून पेन्शन आहे. तिथल्या राजधानीत, प्रिश्टिनात, त्यांचं २० हजार पदकांमधून उभं केलेलं स्मारकही आहे. त्याचं नाव 'हेरोइनात', वीरनायिका. पुन्हा वीरच.

आजोळ
आपल्याकडे फाळणीनंतर तर नावसुद्धा दिलं नाही. पळवून नेलेल्या बायकांना परत आणण्याच्या १९४९च्या कायद्याच्या नावातच 'रिकव्हरी' होतं. पळवून नेलेली व्यक्ती कोण, तर सोळा वर्षांखालचा मुलगा किंवा कोणत्याही वयाची स्त्री. पस्तिशीची बाई 'मला इथेच राहायचंय, माझी मुलं इथे आहेत' म्हणाली तरी तिच्या शब्दाला कायद्यात जागा नव्हती. मराठी पोलीस बातमीत 'मुद्देमाल हस्तगत' म्हणतात, तसंच ते. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी जीव ओतून काम केलं, हजारो बायका खरोखर सुटल्या, हेही तितकंच खरं. पण 'परत आणलेल्या' म्हणताना कुठे परत, हे विचारलं पाहिजे.

बेळगावकर
सुरक्षा परिषदेचा २००० सालचा १३२५ क्रमांकाचा ठराव, युद्ध आणि शांततेतल्या स्त्रियांबद्दलचा, त्यावर बेतलेल्या कार्यक्रमातही 'रिलीफ अँड रिकव्हरी' येतं ना? त्याचं मराठी काय करायचं? 'पुनर्वसन' म्हटलं की मला धरणग्रस्त आठवतात.

रानजाई
'पुन्हा उभं राहणं' म्हणते मी. त्या ठरावामागे ज्यांचा मोठा हात होता ते अन्वारुल चौधरी बांगलादेशाचेच राजदूत. १९७१ डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीतले.

कोराकागद
'पुन्हा उभं राहणं' ही संज्ञा होऊ शकत नाही. 'पुनरुत्थान' चालेल.

आजोळ
पुनरुत्थान येशूचं होतं. बाईचं नको.

सातारकर
'सावरणं' का नको? पुरानंतर आम्ही तेच म्हणतो. घर सावरलं, माणूस सावरला.

कोराकागद
सावरणं स्वतःचं स्वतः होतं. यात सरकारची जबाबदारी आहे, ती शब्दात दिसली पाहिजे.

मधुमालती
सगळ्यांचे आभार. संपादकांना बीरांगना, वारांगना आणि तारामन बीबी हे तिन्ही मुद्दे पाठवले. त्यांचं उत्तर आलं : 'बीरांगना' चालेल, पण शीर्षकात नको, शीर्षकात 'युद्धपीडिता'च. मी नाही म्हणून कळवलं आहे. रानजाई, लेखात एका बाईच्या तोंडी 'आमी बीरांगना ना, आमी मुक्तियोद्धा' असं वाक्य आहे. तिथे मुक्तियोद्धा ठेवू की स्वातंत्र्यसैनिक करू? आपल्याकडे स्वातंत्र्यसैनिक म्हटलं की बेचाळीसचे आजोबा येतात.

कोराकागद
स्वातंत्र्यसैनिक. नि:संशय.

सातारकर
सैनिक नको. मुक्तियोद्धाच ठेवा. गोव्याच्या मुक्तिसंग्रामामुळे मुक्ती शब्द आपल्याला परका नाही.