सूड थिल्लर, मग मोठेपणा कुणी दाखवायचा?

कडुलिंब: काल इथं एकानं लिहिलं की बायकांच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांतले सूड थिल्लर असतात, नवऱ्याचं लफडं कळल्यावर नायिकेनं शांतपणे वेगळं व्हावं. डोकंच सणकलं. मोठेपणा दर वेळी फसवली गेलेल्या बाईनंच का दाखवायचा? नोरा एफ्रनची ‘हार्टबर्न’ घ्या, १९८३ची. नायिका सात महिन्यांची गरोदर, नवऱ्याचं बाहेर प्रकरण. ती करते काय, तर शेवटी स्वतः केलेला गोड पदार्थ त्याच्या तोंडावर फेकते. एवढंच! एफ्रनचं पत्रकार कार्ल बर्नस्टीनशी झालेलं लग्न असंच मोडलं होतं. तिनं त्याची कादंबरी केली आणि जगाला हसवलं. मला यात थिल्लर काही दिसत नाही.

निवांत: ते लिहिणारा मीच. ‘हार्टबर्न’ सोडा. बाकीच्या बहुतेकींत सगळा राग त्या दुसऱ्या बाईवर निघतो, नवरा रडून-भेकून सुटतो. नवरा सुटत नाही अशी एक बघा, त्याच १९८३ सालची फे वेल्डनची ‘द लाइफ अँड लव्ह्ज ऑफ अ शी-डेव्हिल’. नायिका रूथ घर जाळते, नवऱ्याला अफरातफरीत अडकवून तुरुंगात धाडते आणि शेवटी शस्त्रक्रिया करून घेऊन हुबेहूब नवऱ्याच्या त्या प्रेयसीसारखी, मेरी फिशरसारखी होते. मग जिंकलं कोण?

रानजाई: वेल्डनला हलकंफुलकं म्हणू नका. मेरी फिशर प्रेमकथा लिहून श्रीमंत झालेली आहे, तो टोला या कादंबऱ्यांनाच आहे. मला खटकतं ते वेगळंच. लफडं कळतं कसं? हल्ली दर वेळी नवऱ्याच्या फोनवरून. दुसऱ्याचे मेसेज चोरून वाचणं हा विश्वासघात नाही?

कडुलिंब: चोराच्या उलट्या बोंबा! लफडं त्यानं करायचं आणि गुन्हेगार फोन बघणारी?

भिंगरी: माझ्या बहिणीला असंच कळलं. नवऱ्याचं पहिलं वाक्य, “माझ्या फोनला हात का लावलास?” पुढचं सगळं भांडण फोनवरूनच. त्या बाईचा विषयच निघाला नाही.

रानजाई: आणि माझा फोन माझा नवरा रोज तपासायचा. त्यात कधी काही नव्हतं, तरी रोज. कादंबरीत तपासणारीला हटकून काहीतरी सापडतं, म्हणून तपासणं योग्य ठरतं. जिथं काहीच सापडत नाही, त्या घराची गोष्ट कोण लिहितं?

कडुलिंब: रोजची पाळत वाईटच, त्यावर वाद नाही. पण एकदा शंका येऊन बघणं आणि पाळत ठेवणं एका मापानं मोजू नका.

रानजाई: त्याचंही पहिल्या दिवशी “एकदाच बघतो” असंच होतं.

निवांत: धागा सुडाचा होता.

भिंगरी: मग सुडाचंच ऐका. बहिणीनं कपडे फाडले नाहीत की गाडीवर ओरखडे काढले नाहीत. आधी वकील गाठला, आपले पैसे आपल्या खात्यात घेतले आणि त्यानं रंगवून सांगायच्या आत सासूला सगळं सांगून टाकलं. लेखिकांना हे का सुचत नाही?

निवांत: म्हणजे शांतपणे वेगळी झाली. मी तेच म्हणत होतो.

भिंगरी: शांतपणे? सासूशी बोलताना तिचा आवाज अख्ख्या इमारतीनं ऐकला!

निवांत: बरं. तेवढा आवाज मला मान्य आहे.

कडुलिंब: तुमची मान्यता तिनं मागितली नव्हती. दुसऱ्या बाईवर राग काढण्याबद्दल म्हणालात, ते मात्र खरं आहे.